लांजेवार सिस्टरच्या हातची पोरं

गोंदिया जिल्ह्यात केशोरीच्या पुढे आत, एका गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी औषधनिर्माता म्हणून रुजू झालो, त्याला बरीच वर्षं झाली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच आहेत आणि यातलं बरंचसं त्यांना आवडणार नाही. थोडं मलाही आवडत नाही.

रुजू होऊन आठवडा झाला नव्हता. लसींचा डबा आणायला केंद्राच्या गाडीतून अर्जुनीला गेलो होतो. सोबत लांजेवार सिस्टर होत्या. ठेंगण्या, सावळ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. पांढरी साडी, खांद्याला रेक्झिनची पिशवी आणि ओठांच्या कोपऱ्यात कायम एक सुपारीचं खांड. परतताना रस्त्यावर पोलिसांनी गाडी अडवली. नवा, कोवळा फौजदार होता. तो ड्रायव्हरला कागद मागत होता आणि मागच्या सीटवरून सिस्टर त्याच्याकडे एकटक बघत होत्या. मग त्यांनी काच खाली केली आणि त्याच्या आईचं नाव विचारलं. तो गोंधळला. त्यानं नाव सांगितलं.

"मंग तू माझ्या हातचा होय," सिस्टर म्हणाल्या. "उलटा आलता तू. पाय पहिले."

त्याच्यासोबतचे दोन शिपाई रस्त्याच्या पलीकडच्या धानाच्या बांधीत काहीतरी बघायला लागले. फौजदाराचे कान लाल झाले. त्यानं कागद न बघताच परत दिले आणि हातानं खूण केली. पुढचा सगळा रस्ता सिस्टर खिडकीबाहेर बघून हसत होत्या. मधेच मला म्हणाल्या, "पाहा सर, दोन स्टार हायेत खांद्यावर."

जणू ते स्टार त्यांनीच शिवून दिले होते.

हळूहळू कळलं की हा त्यांचा रोजचा कार्यक्रम होता. बाह्यरुग्ण विभागात पेपर यायचा. डॉक्टर पहिलं पान घ्यायचे, आमचे ड्रायव्हर पटले खेळाचं, आणि सिस्टर आतलं, जिल्ह्याच्या बातम्यांचं. निकाल, नेमणुका, सत्कार, निवड. चष्मा नाकावर घसरलेला, बोट ओळीवर. कोणी तलाठी झालेला असायचा, कोणाला पुण्यात नोकरी लागलेली असायची, कोणी मुलगी टीव्हीवरच्या गाण्याच्या दुसऱ्या फेरीत पोचलेली असायची. बोट थांबलं की आम्ही ओळखायचो. "ही माझ्या हातची." मग त्या जन्माची हकिकत यायची. नाळ गळ्याभोवती होती. रडलीच नव्हती, चापट मारली तेव्हा रडली. बाळंतपण त्यांच्या हातचं नसलं तर लस त्यांनी टोचलेली असायची. तेही नसलं तर त्या माणसाची आई त्यांच्याकडे तपासायला येत असे. एखाद्याचं काहीच जुळलं नाही तर त्याचा मामा जुळायचा. पटले मुद्दाम काडी टाकायचे, आमदाराचं नाव घेऊन विचारायचे की हाही तुमच्या हातचा का. सिस्टर गंभीरपणे विचार करायच्या आणि म्हणायच्या, "नाही. त्याचा साळा होय."

आम्ही हसायचो. त्यांनाही ते माहीत होतं. त्यांना फरक पडत नसे.

कामाला मात्र त्यांच्यासारखी बाई मी पुन्हा पाहिली नाही. उपकेंद्रांची सहा गावं त्यांनी चपला झिजवून पालथी घातली होती. उत्कृष्ट आरोग्यसेविकेच्या पुरस्कारासाठी त्यांचं नाव केंद्रातून तीनदा पाठवलं गेलं होतं आणि तिन्ही वेळा तो दुसऱ्याच कोणाला तरी मिळाला होता. तिसऱ्या वेळी नक्की आहे असं कोणीतरी सांगितलं, म्हणून त्यांनी नवी साडी घेऊन ठेवली होती. हे मला पटल्यांनी सांगितलं. सिस्टर त्याबद्दल कधीच बोलल्या नाहीत. त्यांच्या क्वार्टरच्या भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर आणि एक घड्याळ, एवढंच होतं. नवरा गावाकडे धानाची शेती बघायचा, पंधरा दिवसांनी येऊन तांदूळ ठेवून जायचा.

एकदा गोळ्यांची पाकिटं लावता लावता मी त्यांना विचारलं की सिस्टर, हे सगळं सांगून तुम्हाला काय मिळतं. मला वाटलं होतं त्या उडवून लावतील. त्या बराच वेळ पाकिटं लावत राहिल्या.

"सर, बाई बाळंत झाली का मी हात धुते आन निघून येते. बारशाले कोनी बोलवत नाही. लेकरू चालाले लागते, शाळेत जाते. मी दिसली का पळते, सुई टोचन म्हनून. मंग कधी कोनाचं नाव मोठं होते. तवा वाटते का आपन काही वाया नाही गेलो."

त्यानंतर मी त्यांच्यावर हसणं कमी केलं. पूर्ण बंद केलं असं म्हणता येणार नाही.

त्यांची स्वतःची एक मुलगी होती, सपना. गोंदियात औषधांच्या दुकानात कामाला होती. सणाला आईकडे आली की माझ्याशी औषधांच्या नावांवर बोलायची. हुशार होती, पण पेपरात नाव येण्याइतकी नाही. एका दिवाळीत सिस्टर कोणाच्या तरी डॉक्टर झालेल्या पोराबद्दल सांगत होत्या. सपना चहाचे कप उचलायला आली आणि मला हळूच म्हणाली, "मी बारावी पास झाली तवा पेढे मीच आनले होते, सर. आईले वाटाले लावले." ती हसून म्हणाली, म्हणून मीही हसलो. सिस्टरनी ऐकलं की नाही माहीत नाही. त्यांची हकिकत अर्धी झाली होती आणि त्यांनी ती पूर्ण केली.

पूनम कापगते ही त्यांच्या हातच्या पोरांमधली सगळ्यांत नाव काढलेली. पूनमचा बाप देवराम दुसऱ्याची बांधी ठेक्यानं करायचा. पोरगी शाळेत असल्यापासून पळायची. आधी तालुका, मग जिल्हा, मग नागपूरला वसतिगृह, आणि एक दिवस बातमी आली की लांबच्या पळण्यात देशात दुसरी आली. गावाला तोपर्यंत ती फारशी माहीत नव्हती. त्या दिवसापासून सगळ्यांची झाली. शाळा म्हणाली आमची विद्यार्थिनी, ग्रामपंचायत म्हणाली आमची कन्या. किराणा दुकानदार म्हणाला की पोरगी आपल्याच दुकानातले शेंगदाणे खाऊन पळते. मीही त्यातच होतो. उन्हाळ्यात सासुरवाडीला गेलो तेव्हा माझ्या साडूला मी फोनवर तिचा फोटो दाखवला आणि म्हणालो, आमच्या गावची आहे. मी तिच्याशी आयुष्यात एक शब्द बोललो नव्हतो.

सिस्टरकडे मात्र पुरावा होता. पूनमच्या जन्माच्या वेळी नाल्याला पूर होता, गाडी अलीकडच्या काठावरच अडकली होती. भर दुपारी सिस्टर कमरेएवढ्या पाण्यातून, पिशवी डोक्यावर धरून पलीकडे गेल्या होत्या. हे खरं होतं. गावातल्या म्हाताऱ्या बायका तसं सांगायच्या.

सत्कार शाळेच्या पटांगणात झाला. मांडव, फ्लेक्स, दहा-बारा पाहुणे. प्रत्येक जण आपलं आणि पूनमचं नातं सांगून बसत होता. सिस्टरचं नाव यादीत नव्हतं. त्या बायकांमध्ये पुढे बसल्या होत्या, आणि त्यांच्या अंगावर ती कधी न नेसलेली साडी होती. आभार मानायच्या आधी त्या उठल्या आणि सरळ जाऊन माइकसमोर उभ्या राहिल्या. कोणी अडवलं नाही. नाल्याची हकिकत त्यांनी सांगितली. टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या त्यांना कधी मिळाल्या नसाव्यात. तिथे थांबायला हवं होतं. पण त्यांना माइक सोडवेना.

"आन सांगून राहिली," त्या म्हणाल्या, "हे ताकद काही अशीच नाही आली. लहानपनापासून ताकदीचं औषध हिले मीच देत आली. सुया मीच दिल्या."

पुन्हा टाळ्या. पूनम मंचावरून हात जोडून हसली. औषध म्हणजे शाळेतल्या सगळ्या मुलींना दर आठवड्याला द्यायची लोहाची गोळी, आणि सुया म्हणजे धनुर्वाताची लस. हे मला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं. आम्ही दोघंही टाळ्या वाजवत होतो. कोणीतरी मोबाइलवर सगळं टिपत होतं.

वर्ष झालं नसेल. एका स्पर्धेनंतरच्या तपासणीत पूनमच्या लघवीत बंदी असलेलं औषध सापडलं. ते कुठून आलं हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. ती म्हणायची की वसतिगृहात कोणी तरी पावडरचा डबा दिला होता, सगळ्याच घेत होत्या. तिच्यावर बंदी आली. बातमी आतल्या पानावर नाही, पहिल्या पानावर आली.

गावानं तिला कसं सोडलं ते मी पाहिलं. कोणी भांडलं नाही, कोणी बैठक घेतली नाही. चौकातला फ्लेक्स एका सकाळी दिसला नाही. धान कापणीचे दिवस होते. तो फ्लेक्स मला चार दिवसांनी एका खळ्यात दिसला, धानाच्या ढिगावर अंथरलेला, दवापासून राखायला. पूनमचा चेहरा उलटा होता आणि कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. शाळेनं फळ्यावरचं नाव पुसलं. लोक तिचं नाव घेताना "ते देवरामची पोट्टी" म्हणायला लागले. साडूचा फोन आला तेव्हा मी विषय बदलला.

आणि मग कोणाच्या तरी मोबाइलमधून तो सत्काराचा तुकडा बाहेर आला. ताकदीचं औषध मीच दिलं, सुया मीच दिल्या. तो गावभर फिरला, तालुक्यात फिरला, आणि तिथून वरच्या कार्यालयातून सिस्टरना पत्र आलं: तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. त्यांच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते.

पत्र आलं त्याच दुपारी देवराम आला. मी सिस्टरच्या क्वार्टरच्या ओसरीवर बसून खुलाशाचा कच्चा कागद तयार करत होतो. देवरामच्या कपड्यांवर धानाचा भुसा होता. तो उभाच राहिला. त्याला नागपुरात कोणीतरी सांगितलं होतं की औषध दुसऱ्यानं नकळत दिलं असं सिद्ध झालं, तर बंदीची वर्षं कमी होतात. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "बाई, तुमी माइकवर जे म्हनलं होतं, तेच आता कागदावर म्हना."

सिस्टर म्हणाल्या की देवरामभाऊ, त्या लोहाच्या गोळ्या होत्या, सगळ्या पोरींना देतात त्या. त्यांनी ते दोनदा सांगितलं. आवाज नेहमीचा नव्हता. त्या सांगत होत्या की खोटं लिहिलं तर नोकरी जाईल, पेन्शन जाईल, आणि ज्या औषधाचं नावही त्यांनी ऐकलेलं नाही ते त्यांच्याकडे कुठून आलं हेही विचारतील. हे सगळं बरोबर होतं. देवरामनं सगळं ऐकून घेतलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी ते तुमची होती, बाई," तो म्हणाला. "आता कोनाची हाय ते सांगा. त्याच्याकडं जातो."

तो थोडा वेळ थांबला, खरंच उत्तराची वाट बघत असल्यासारखा. मग पायऱ्या उतरून गेला.

खुलासा मीच सांगितला आणि त्यांनी लिहिला. अक्षर शाळकरी, गोल. भाषण भावनेच्या भरात झालं, शासनाकडून आलेल्या गोळ्यांव्यतिरिक्त कोणतंही औषध दिलं नाही. इथपर्यंत ठीक होतं. पुढे मी सांगितलं, सदर खेळाडूशी माझा कोणताही वैयक्तिक संबंध नाही. त्यांचं पेन थांबलं.

"कोणताही लिहू का सर?"

खरं तर तेवढं वाक्य नसतं तरी चाललं असतं. मला आज ते कळतं. तेव्हा मला सरकारी कागद पक्का करायचा होता, आणि सत्कारात टाळ्या मीही वाजवल्या होत्या, म्हणून कदाचित त्या कागदावर कुठेतरी माझीही सुटका होती. मी म्हणालो, लिहा. त्यांनी लिहिलं. सही केली. मग उठून आत गेल्या आणि पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. हात धूत होत्या.

खुलासा मान्य झाला. प्रकरण तिथेच मिटलं.

पंधरा दिवसांनी त्यांनी मला मोटरसायकलवर पूनमच्या घरी न्यायला सांगितलं. मला जायचं नव्हतं. पटल्यांना का विचारत नाही, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुमीच चला. कागद तुमी सांगतला."

पूनम अंगणात सुपानं धान पाखडत होती. केस कापलेले, अंगात वसतिगृहाचा जुना ट्रॅकसूट. आम्हाला बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि खाट टाकली. देवराम घरी नव्हता. सिस्टर खाटेच्या काठावर बसल्या. काय बोलायचं हे त्यांनी ठरवून आणलं असणार, पण त्यातलं काही त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी पिशवीतून रक्तदाब बघायचं यंत्र काढलं आणि पूनमच्या आईला बोलावलं. पट्टा बांधला, हवा भरली, आकडा बघितला. पुन्हा हवा भरली. मला कळत होतं की त्या आकडा बघत नव्हत्या.

पूनमनं चहा आणला. कप हातात देताना ती अगदी साधेपणानं म्हणाली, "मावशी, तुमी मले काहाडलं हे मले माहीतच नव्हतं. आईनं कधी सांगतलं नाही. त्या दिवशी माइकवर ऐकलं." मग जरा थांबून म्हणाली, "लई बरं वाटलं होतं. बाकीचे सगळे पाहुने होते. वाटलं, आपलं कोनीतरी बोलून राहिलं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खुलाशातलं वाक्य तिला माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. सिस्टरनी कप खाली ठेवला. त्यांनी पूनमच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि अर्ध्यातून परत घेतला. आम्ही निघालो. केंद्राजवळ उतरताना त्या म्हणाल्या, "मी तिले पन देऊ शकत होती ना सर, काही. मी तिच्याकडून घेतच राहिली."

त्यानंतर पेपर यायचा आणि आतलं पान तसंच घडी घातलेलं राहायचं. पटल्यांनी एक-दोनदा कोणाचं तरी नाव मोठ्यानं वाचलं. सिस्टर ऐकायच्या आणि बाटल्यांची झाकणं घट्ट करत राहायच्या. पटल्यांनीही मग सोडून दिलं. मला वाटायचं की हे तात्पुरतं आहे. माणूस तीस वर्षांची सवय अशी टाकत नाही. पण त्यांनी टाकली. निवृत्तीपर्यंतच्या उरलेल्या महिन्यांत त्यांनी बहुधा चाळीसेक बाळंतपणं केली असतील, आणि प्रत्येक वेळी त्या पूर्वीसारख्याच झटल्या. फक्त बाळ आईच्या कुशीत ठेवलं की ताबडतोब तिथून निघायच्या. चेहरा बघत थांबायच्या नाहीत.

निरोपाच्या दिवशी डॉक्टरांनी शाल दिली. मी बोललो, डॉक्टर बोलले, पटले बोलता बोलता रडले. सपना गोंदियाहून आली होती. सिस्टरना दोन शब्द बोलायला सांगितलं तर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की सगळ्यांनी सांभाळून घेतलं. मग सपनाकडे बघून म्हणाल्या, "हे माझी पोरगी. औषधाच्या दुकानात हाय. हिशोब, औषधं, सगळं पाहते." एवढंच. सपना मान खाली घालून बसली होती. तिनं वर पाहिलं तेव्हा सिस्टर खाली बसल्या होत्या. मला वाटतं आईचं हे कौतुक तिला उशिरा मिळालं, आणि ज्या कारणानं मिळालं ते तिला आवडलं नसावं.

पूनमबद्दलही सांगितलं पाहिजे. बंदी संपेपर्यंत तिचं पळायचं वय निघून गेलं. तिनं वनखात्याकडून गाइडचं प्रशिक्षण घेतलं आणि ती नागझिऱ्याला पर्यटकांच्या गाड्यांसोबत जाते. मी एकदा मुलांना घेऊन गेलो होतो तेव्हा गेटवर दिसली. खाकी शर्ट, गळ्यात दुर्बीण. पर्यटकांना ती गव्याचे माग दाखवत होती. त्यांना ती कोण हे माहीत नव्हतं, आणि तिला त्याचं काही वाटत असावं असं दिसलं नाही. मी ओळख दिली नाही. काय म्हणून देणार होतो?

सिस्टर निवृत्तीनंतर सपनाकडे गोंदियाला राहायला गेल्या. नवरा शेतीसाठी आपल्या गावाकडेच राहिला. माझीही बदली गोंदियाला झाली, पण भेट झाली नाही. मीच टाळत होतो म्हटलं तरी चालेल.

गेल्या हिवाळ्यात आईला दाखवायला मी सरकारी दवाखान्यात गेलो होतो. केसपेपरच्या खिडकीसमोर बायकांची रांग होती, भिंतीला धरून थेट पायऱ्यांपर्यंत. त्या रांगेत लांजेवार सिस्टर उभ्या होत्या. अंगावर तपकिरी स्वेटर, डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तपासणीला बोलावलं होतं. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. सपना दुकानातून दुपारी न्यायला येईल म्हणाल्या. माझ्या आईची चौकशी केली, गुडघे कसे आहेत ते विचारलं.

खिडकीपलीकडे एक तरुण नर्स भराभर नावं लिहीत होती. मी सिस्टरना म्हणालो की चला, मी तिला सांगतो. तुम्ही बत्तीस वर्षं खात्यात होतात, तुम्हाला रांगेत उभं राहायची गरज नाही. मी निघालोसुद्धा. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांची पकड तशीच होती, पूर्वीची.

"कायले सांगता सर," त्या म्हणाल्या. "राहू द्या."

मी थांबलो. पुढची बाई एक पाऊल सरकली. सिस्टरनी माझा हात सोडला, भिंत चाचपडली आणि त्याही एक पाऊल पुढे सरकल्या.